बढतीनंतरचा पहिला काजू हंगाम : एका सब-ऑफिसरचे प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर गोव्याच्या डोंगराळ पट्ट्यातले एक अग्निशमन केंद्र. ठिकाण आणि माणसे ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत, नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

अशा केंद्राचे वर्ष ऋतू ठरवतात. जून लागला की रस्त्यावर आडवी झालेली झाडे, भिजून बसलेल्या मातीच्या भिंती, नदीकाठचे पाणी. पाऊस सरला की विहिरीत पडलेली गुरे आणि अपघात. फेब्रुवारीपासून मेपर्यंत काजूचा हंगाम, म्हणजेच आगींचाही. बोंडू वेचायला सोपे जावे म्हणून झाडांखालचा पातेरा झाडून त्याचे ढीग पेटवले जातात आणि त्यातला एखादा हाताबाहेर जातो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूच्या डोंगरांवर आगी पेटल्या, तेव्हा नौदलाची हेलिकॉप्टर पाणी टाकायला आणावी लागली होती. तेव्हापासून डोंगरावर धुराची रेघ दिसली तरी लगेच फोन येतो, असे केंद्रातले लोक सांगतात.

आपल्या प्रकरणातला माणूस याच केंद्रात फायर फायटर म्हणून लागला, पुढे लीडिंग फायर फायटर झाला. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात सब-ऑफिसरचा कोर्स करून आला. जानेवारीअखेर बढतीचा आदेश निघाला आणि नेमणूक मिळाली ती त्याच केंद्रात, त्याच शिफ्टवर. घर शेजारच्या गावात. ब्रांच, म्हणजे पाण्याच्या होजच्या टोकाची नळी, धरण्यात त्याचा हात धरणारा शिफ्टमध्ये कोणी नव्हता. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

शिफ्टमध्ये आणखी दोघांकडे लक्ष ठेवायचे. एक, वयाने मोठे लीडिंग फायर फायटर. घरच्या अडचणींमुळे त्यांना नागपूरला जाता आले नव्हते, आणि आता त्यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा त्यांचा साहेब झाला होता. दोन, निवृत्तीला आलेले ड्रायव्हर-ऑपरेटर, ज्यांना सगळे केंद्र ‘भाऊ’ म्हणे. बाकी नव्या भरतीची पोरे.

अडचण

आदेश आला त्या दिवशी सगळ्यांनी पेढे खाल्ले. दुसऱ्या दिवशी रोल कॉल घेताना, काल ज्यांच्याबरोबर डबा वाटून खाल्ला त्यांची नावे पुकारताना त्याचा आवाज विनाकारण चढला. हे त्याने स्वतःच सांगितले. पोरे मागे हसली, आठवडाभरात विसरलीही. आवाजाचे एवढे काही नव्हते.

खरे दुखणे आगीवर दिसले. जागेवर पोचले की तो सवयीने ब्रांच उचलायचा आणि सगळ्यात पुढे जायचा. पोरांना याचे कौतुक वाटे. ‘साहेब झाला तरी मागे उभा राहत नाही,’ असे गावातही बोलले जाई. पण तो धुरात असताना आगीला वळसा घालून मागची बाजू पाहायला कोणी नसे, वायरलेसला उत्तर द्यायला कोणी नसे, आणि टाकीत पाणी किती उरले हे त्याला ब्रांचमधला दाब पडल्यावरच कळे. साडेचार हजार लिटरची टाकी, मिनिटाला चारशे-साडेचारशे लिटर सोडले तर दहा-अकरा मिनिटांत संपते. अकराव्या मिनिटाला काय करायचे याचा विचार पहिल्या मिनिटालाच कोणीतरी करायला हवा, आणि तो ‘कोणीतरी’ ब्रांच धरून उभा होता.

ती जागा रिकामी राहिली नाही, भाऊंनी भरली. कुठल्या वाटेने जायचे, गाडी कुठे लावायची, पाणी कुठल्या विहिरीतून उचलायचे हे सगळे भाऊ ठरवत. यात बंडखोरी वगैरे काही नव्हती. आधीचे दोन अधिकारी बाहेरच्या तालुक्यांतले होते, त्यांना इथल्या पायवाटा ठाऊक नव्हत्या, त्यामुळे भाऊंना विचारायची पद्धत पडली होती. आता सब-ऑफिसरने सांगितलेले पोरे ऐकत, आणि मग भाऊंच्या तोंडाकडे बघत.

तिसरी गोष्ट वरवर किरकोळ, पण शिफ्ट आतून पोखरणारी. रजा. शिगमो, गोव्यातला होळीचा सण, मार्चमध्ये येतो, म्हणजे ऐन आगींच्या दिवसांत, आणि या भागातल्या माणसाला शिगम्याला गावात नसणे म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. चवथीला (गणेश चतुर्थीला) ख्रिस्ती सहकाऱ्यांनी ड्युटी ओढायची, नाताळात हिंदूंनी, हा अलिखित हिशेब केंद्रात होता. शिगम्याचा मात्र असा हिशेब कधी बसला नव्हता, जो आधी मागेल त्याला रजा. नव्या सब-ऑफिसरने यादी टेबलावर तशीच ठेवली. कोणाला नाही म्हणायचे तर तो कालपर्यंतचा मित्र, आणि सगळ्यांना हो म्हणायचे तर गाडीवर माणसे नाहीत.

ती दुपार

फेब्रुवारीच्या शेवटी काजूच्या उतारावर आग लागल्याचा कॉल आला. गाडी वरपर्यंत जात नव्हती. झोडपे आणि पाठीवरचे पंप घेऊन माणसे चढली, सब-ऑफिसर सगळ्यात पुढे.

इथे वाऱ्याबद्दल थोडे सांगायला हवे. उन्हाळ्यात या पट्ट्यात सकाळी बहुधा घाटाकडून कोरडा वारा येतो आणि दुपारी कधीतरी समुद्राकडचा वारा सुरू होतो. म्हणजे दिशा उलटते. सकाळी जी आगीची शांत बाजू असते तीच दुपारी तिचे तोंड होऊ शकते. त्यात उतार. चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. हे सगळे सब-ऑफिसरला पुस्तकातूनही माहीत होते आणि अनुभवानेही. पण मान खाली घालून करड (वाळके गवत) झोडपणाऱ्याला वारा फिरलेला उशिरा कळतो.

वारा फिरला तेव्हा नव्या पोरांपैकी एक जण घळीच्या वरच्या तोंडाशी एकटाच होता. आग घळीतून वर धावली. लीडिंग फायर फायटरनी खालून ओरडून त्याला जळून काळ्या झालेल्या पट्ट्यात उडी घ्यायला लावली, म्हणून तो वाचला. हाताला चटका बसला, भुवया करपल्या, बाकी काही नाही. त्याच वेळी गाडीतल्या वायरलेसवर दुसऱ्या कॉलसाठी त्यांना वारंवार पुकारले जात होते. भाऊ पंपापाशी होते, केबिनमध्ये कोणीच नव्हते. तो कॉल शेवटी शेजारच्या केंद्राला द्यावा लागला.

संध्याकाळी केंद्रात चहा झाला, पण कोणी काही बोलले नाही. ऑक्युरन्स बुकात, म्हणजे घटनांच्या नोंदवहीत, ‘आग विझवली, जीवितहानी नाही’ अशी नोंद झाली. नोंद खोटी नव्हती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बदली मागण्याचा. परक्या केंद्रात तो पहिल्या दिवसापासून ‘सर’ असता. घरच्यांचेही मत तेच होते. पण आदेश निघून महिना होत होता, लगेच बदली मागणे म्हणजे जमले नाही असे लिहून देणे. शिवाय ब्रांच उचलण्याची सवय त्याच्याबरोबर तिकडेही गेली असती.

दुसरा, भाऊंना मेमो. त्या दुपारी वायरलेस वाऱ्यावर होता, त्यामुळे कागदावर कारण तयार होते. एका सहकारी अधिकाऱ्याने हाच सल्ला दिला : एकदा दाखवून दे साहेब कोण ते. मला हा सल्ला सगळ्यात घातक वाटतो. केबिनमध्ये कोणी थांबायचे हे ठरवण्याचे काम भाऊंचे नव्हतेच.

तिसरा, स्टेशन फायर ऑफिसरनी शिफ्टला समज द्यावी. त्याने जाऊन तसे सांगितलेही. उत्तर मिळाले ते असे : “मी येऊन सांगितलं तर ते माझं ऐकतील. उद्या आगीवर मी नसेन, तू असशील.” मग त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि या प्रकरणातले पहिले वळण मी तिथे मानतो. “त्या पोराला घळीच्या तोंडाशी कोणी पाठवलं?” सब-ऑफिसरला उत्तर देता आले नाही. कोणीच पाठवले नव्हते. तो आपणहून गेला होता, आणि तो तिथे आहे हे कोणाला ठाऊक नव्हते.

चौथा पर्याय असा, की माणसे तीच ठेवायची, भाऊंचे म्हणणे ऐकायचे, पण कोणी कुठे उभे राहायचे आणि कोणी कोणाला काय कळवायचे हे नव्याने बसवायचे. त्याने हा निवडला.

काय केले

सुरुवात त्याने लीडिंग फायर फायटरपासून केली, भाऊंपासून नाही. हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. त्या दुपारी पोराला वाचवले ते त्यांनी, आणि ते कुठे लिहिलेही गेले नव्हते. सब-ऑफिसर त्यांना एकटे भेटला, अरे-तुरे न करता म्हणाला, “तुम्ही ओरडला नसता तर मी आज चौकशीला उभा असतो. पुढच्या वेळेपासून वरची बाजू तुमची. तिथे कोणी जायचं, कधी मागे यायचं, हे तुम्ही ठरवा, मला फक्त कळवा.” ते म्हणाले, “कागदावर देशील?” त्याने दिले. शिफ्टच्या कामवाटपात तशी ओळ घातली. त्यांच्या मनातला काटा यामुळे निघाला असे नाही, पण आता करण्यासारखे काम हातात होते.

मग ब्रांच. त्याने शिफ्टसमोर सांगून टाकले की आगीवर आपण ब्रांच किंवा झोडपा हातात घेणार नाही, घेतला तर कोणीही टोकावे. पोरांना हे पटले नाही. गावातल्या लोकांना तर नाहीच. ‘बढती मिळाली आणि हात मागे गेले’ असे त्याच्या कानावर आले. दोनदा त्याने स्वतःच नियम मोडला, आणि दोन्ही वेळा टोकणारा तोच भुवया करपलेला पोरगा होता. आगीवर उतरल्यावर आता तो आधी जमेल तेवढा फेरा मारतो, मग जिथून माणसे आणि गाडी दोन्ही दिसतील अशी जागा धरतो. वॉकी-टॉकी त्याच्याकडे. डोंगरावरच्या आगीत चार गोष्टी ठरल्याशिवाय कोणी चढायचे नाही : वाऱ्यावर नजर कोणाची, हाक कशी पोचणार, मागे यायची वाट कुठली, आणि वाट बंद झाली तर थांबायची जागा कुठली. हे सांगायला दोन मिनिटे लागतात. पहिल्या काही कॉलना ही दोन मिनिटे बघ्यांच्या शिव्या खाऊन घालवावी लागली.

भाऊंचे प्रकरण नाजूक होते. त्यांच्या शब्दाला वजन का आहे, हा प्रश्न सब-ऑफिसरने स्वतःला उशिरा विचारला, पण विचारला. उत्तर होते पाणी. मार्च-एप्रिलमध्ये कुठल्या विहिरीची पातळी किती खाली जाते, कुठल्या देवळाच्या तळीपर्यंत गाडी मागे घेता येते, कुठल्या बागायतदाराचा पंप चालू असतो, हे सगळे भाऊंच्या डोक्यात. सक्शनने पाणी ओढायचे तर पंपापासून पाण्याची खोली व्यवहारात साधारण सात मीटरच्या आत असली पाहिजे. त्याखाली गेली की कितीही चांगला पंप पाणी उचलू शकत नाही. ऐन आगीत चुकीच्या विहिरीवर गेलात तर पंधरा मिनिटे गेली. भाऊ कधीच चुकीच्या विहिरीवर गेले नव्हते.

त्याने भाऊंना पाण्याची वही करायला सांगितली. भाऊ सरळ म्हणाले, “वहीत लिहून दिलं की मला कोण विचारणार?” याला गुळगुळीत उत्तर देता आले असते. सब-ऑफिसर म्हणाला, “कोणी विचारणार नाही. पण तुम्ही घरी गेल्यावर भाऊंची वही काढा म्हणतील.” भाऊ पंधरवडाभर काही बोलले नाहीत. मग एका रविवारी एका पोराला घेऊन स्वतःच फिरायला निघाले, दोरीला दगड बांधून विहिरी मोजत. वहीचे अक्षर त्या पोराचे आहे.

शिगम्याची यादी मात्र त्याने उरकली. चिठ्ठ्या टाकल्या, स्वतःचे नाव रजेच्या यादीतून काढले. ही पद्धत फार न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. दोघे नाराज झाले, त्यातल्या एकाचा घोडेमोडणीतला, म्हणजे शिगम्यातल्या घोड्यांच्या नाचातला, मान होता. तो मान हुकला आणि ते त्याने मनात ठेवले.

दोन कॉल

एप्रिलच्या मध्यावर दुपारी सब-ऑफिसरच्या मामांच्या बागायतीला आग लागल्याचा फोन आला. केंद्राची दुसरी गाडी दुरुस्तीला गेलेली. आहे ती गाडी निघाली आणि वाटेत असतानाच वायरलेसवर दुसरा कॉल : काजूच्या भट्टीला आग, घरे लागून आहेत.

भट्टी म्हणजे माडाच्या चुडतांनी शाकारलेली माटव, लाकडांची रास, आणि उर्राक-फेणीने, म्हणजे काजूच्या दारूने, भरलेले कॅन. दुपारच्या उन्हात पेटलेल्या दारूची ज्वाळा जवळजवळ दिसत नाही. शेजारच्या स्वयंपाकघरांत १४.२ किलोचे गॅस सिलिंडर. बागायतीत झाडे होती आणि वर्षाचे उत्पन्न होते, पण माणसे नव्हती.

त्याने गाडी भट्टीकडे वळवली. बागायतीच्या फाट्यावर लीडिंग फायर फायटर आणि दोन पोरांना झोडपे देऊन उतरवले, शेजारच्या केंद्राची गाडी मागवली, वनखात्याला कळवायला सांगितले. वाटेतच मामांचा फोन आला. “अरे, तू आमचाच ना? मग गाडी तिकडे कशी गेली?” “मामा, तिथे घरं आहेत,” एवढे बोलून त्याने फोन बंद केला.

भट्टीवर तो मागे उभा होता, म्हणून त्याला एक गोष्ट दिसली. अंगणातल्या फरशीवर काहीच पेटलेले नसताना कडेचे गवत ओळीने करपत येत होते. दारू सांडून वाहत होती आणि जळत होती. ब्रांच घेतलेला पोरगा नेमका त्याच फरशीवरून पुढे निघाला होता. त्याला थांबवले, फवारा रुंद करून बाजूने घेतले, घरांच्या भिंती भिजत ठेवल्या, सिलिंडर बाहेर काढले. केंद्रात होता तो साधा फोम. दारू पाण्यात मिसळते आणि असा फोम मोडून टाकते, म्हणून भरपूर पाणी मारून ती पातळ करत जाणे एवढेच हातात होते. पाणी पुरले ते भाऊंमुळे. त्यांनी जवळची विहीर सोडून थोड्या लांबच्या तळीवर पोर्टेबल पंप लावला. जवळच्या विहिरीपुढे वहीत ‘शिगम्यापर्यंतच’ असे लिहिले होते.

माटव जळून गेली, घरे वाचली. बागायतीचा जवळपास अर्धा उतार गेला.

निष्पन्न

मामांच्या घरी त्याचे जाणे-येणे अजून पूर्ववत झालेले नाही. आई मध्ये पडली, पण उपयोग झाला नाही. घोडेमोडणी हुकलेल्या फायर फायटरने जूनमध्ये बदली घेतली, कारण घर जवळ पडते असे दिले.

कामाच्या बाजूने, प्रत्येक कॉलनंतर आता दहा मिनिटे बसणे होते. ‘मी काय ठरवले आणि का’ याने सब-ऑफिसर सुरुवात करतो. पहिले काही आठवडे पोरे ‘सगळं बरोबर होतं सर’ एवढेच म्हणत. कोंडी लीडिंग फायर फायटरनी फोडली, तीही सब-ऑफिसरच्याच निर्णयावर बोट ठेवून : भट्टीच्या दिवशी आम्हा तिघांना वॉकी-टॉकी न देता उतरवले. त्यांचा सूर तिखट होता. सब-ऑफिसरने ते लिहून घेतले आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या सेटची मागणी वर पाठवली.

भाऊ पावसाळ्यात निवृत्त झाले. वही आता वॉच रूममध्ये असते.

वेगळे काय करता आले असते

भट्टीला अग्रक्रम देण्याच्या निर्णयावर मला शंका नाही. तो राबवण्याच्या पद्धतीवर आहे. तिघांना डोंगरावर संपर्काशिवाय सोडणे ही फेब्रुवारीतल्या दुपारचीच पुनरावृत्ती होती, फक्त यावेळी वारा फिरला नाही. संच एकच होता तर तो लीडिंग फायर फायटरकडे द्यायला हवा होता. सब-ऑफिसर स्वतः गाडीपाशीच होता, तिथे वायरलेस होता. किंवा शेजारची गाडी येईपर्यंत तिघांनी फाट्यावर थांबून फक्त टेहळणी करावी, असे सांगता आले असते. या दुसऱ्या मार्गाने आणखी झाडे गेली असती. सब-ऑफिसरला तो अजूनही मान्य नाही, यावर आमचे एकमत झालेले नाही.

मामांचा फोन त्याने घ्यायलाच नको होता, असे काहींचे मत पडले. मला तसे वाटत नाही. पण हंगामाच्या आधीच, गाडी कुठे आधी जाते आणि का, हे पंचायतीत बसून बागायतदारांना सांगता आले असते. ते सांगताना समोर मामाही असते.

रजेची यादी नेमणूक होताच लावायला हवी होती. शिगमो कधी येणार हे कॅलेंडरवर होते. उशीर झाल्यामुळे चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या, आणि ज्याचा देवापुढचा मान होता त्याचीही चिठ्ठीच पडली. आधी बसून बोलले असते तर कोणीतरी आपणहून जागा सोडली असती. गावात असे होते.

भट्ट्यांचा हंगाम दरवर्षी येतो, तरी केंद्रात दारूच्या आगीला चालणारा फोम नव्हता. भट्टीत माल थोडा होता म्हणून पाण्यावर निभावले. ही उणीव एका सब-ऑफिसरची नाही, पण ती आधी कोणी लिहून वर पाठवली होती का, याची नोंद सापडली नाही. आता मागणी गेली आहे.

आणि नेमणूक. नव्या अधिकाऱ्याला त्याच्याच शिफ्टवर, त्याच्याच गावाशेजारी ठेवावे का? वाटा माहीत असण्याचा फायदा होतो आणि मामा-काका-पंच यांचा भार पडतो, दोन्ही एकाच वेळी. किमान पहिला हंगाम दुसऱ्या शिफ्टवर दिला असता तरी कालच्या मित्रांची रजा कापण्याची वेळ त्याच्यावर आली नसती. या केंद्रात पुढची बढती त्याच लीडिंग फायर फायटरची होऊ शकते. ते आता कोर्सला जायला तयार आहेत. तेव्हा त्यांना कुठली शिफ्ट द्यायची, हे स्टेशन फायर ऑफिसरनी आत्ताच ठरवायला घेतले आहे.